पदव्युत्तर प्रवेशाची तयारी : कागदपत्रांचा क्रम आणि पहिले सहा आठवडे

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयातून, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला आहे. मधले एक वर्ष स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गेले, आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागात एम.एस्सी. करायचे आहे, प्रवेश परीक्षा देऊन झाली आहे, तर गुणवत्ता यादी लागेपर्यंत नेमकी कोणती तयारी करावी, असे तिने विचारले आहे. कागदपत्रे कोणत्या क्रमाने जमवावीत, वर्षाच्या खंडामुळे काही अडेल का, आणि शहरातल्या मुलांच्या बरोबरीने अभ्यास झेपावा म्हणून आतापासून काय करावे, या तिच्या तीन शंका आहेत. ती इतर मागासवर्गातील आहे आणि पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचलेली घरातली पहिलीच आहे. पदव्युत्तर विभागात शिकवताना आणि प्रवेश समितीचे काम पाहताना हेच प्रश्न दर जून-जुलैमध्ये माझ्यासमोर येतात, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

प्रवेश म्हटले की फाइल घेऊन रांगेत उभे राहायचा एक दिवस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात शुल्क भरून पावती हातात पडली, वर्ग सुरू झाले, तरी दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश पात्रता निश्चित होईपर्यंत, म्हणजे नवे विद्यापीठ त्याची आधीची पदवी तपासून मान्य करेपर्यंत, तात्पुरताच असतो. आणि या काळात एखादा कागद अपुरा निघाला, की विद्यार्थ्याला ऐन सत्रात चार-चार दिवस गावी जावे लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की एम.एस्सी.ची दोन वर्षे कशी जाणार हे पहिल्या सत्राच्या पहिल्या सहा आठवड्यांत बरेचसे ठरते. क्वांटम मेकॅनिक्स आणि गणितीय पद्धती या विषयांचा पाया त्याच आठवड्यांत घातला जातो, आणि त्या काळात तहसील कचेरीच्या पायऱ्या चढणारा विद्यार्थी पुढे वर्षभर मागेच राहतो. त्यामुळे कागदपत्रांची सगळी धावपळ वर्ग सुरू होण्यापूर्वी संपवणे हा तयारीचा पहिला भाग, आणि माहितीपत्रकातल्या यादीच्या क्रमाने न जाता ज्या कागदाला सर्वाधिक वेळ लागतो तो सर्वांत आधी हाती घेणे हा त्याचा नियम.

विद्यापीठ बदलणाऱ्याला सर्वांत जास्त अडवणारी साखळी अशी असते : अंतिम वर्षाची गुणपत्रिका, त्यानंतर महाविद्यालय सोडल्याचा दाखला म्हणजे टीसी, त्यानंतर जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे मायग्रेशन, आणि हे सारे जोडून नव्या विद्यापीठाकडे पात्रतेचा अर्ज. यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर अवलंबून असल्यामुळे एक जरी लांबला तरी पुढचे सगळे खोळंबतात. त्याच विद्यापीठात राहणाऱ्या मैत्रिणींना मायग्रेशन लागत नाही, म्हणून त्यांच्याकडे पाहून निश्चिंत राहू नका. तुम्हाला पदवी मिळून वर्ष झाले आहे, म्हणजे गुणपत्रिका हातात आहे. तेव्हा टीसीचा अर्ज आजच करता येईल. टीसी काढताना महाविद्यालय ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि लेखा विभाग यांचे ना-देय, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, मागते. परत न केलेले एखादे पुस्तक किंवा थकलेली किरकोळ रक्कम यापायी लोक दोन-दोन फेऱ्या मारतात, म्हणून जाण्यापूर्वी लिपिकांना फोन करून काय बाकी आहे ते विचारून घ्या. टीसी मूळ प्रतीत एकदाच मिळते आणि ती हरवली तर दुय्यम प्रत काढण्यासाठी प्रतिज्ञापत्रासह बराच खटाटोप करावा लागतो, त्यामुळे हाती पडताच तिचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ स्कॅन करून ठेवा. पुढे टीसी आणि मायग्रेशन या दोन्हींच्या मूळ प्रती पुण्यात जमा होतील आणि परत मिळणार नाहीत.

मायग्रेशनचा अर्ज विद्यापीठाकडे करताना नाव, कायम नोंदणी क्रमांक आणि उत्तीर्ण होण्याचे सत्र गुणपत्रिकेवर जसे आहे तसेच भरा. गुणपत्रिकेवर ‘मे’ आहे आणि निकाल जुलैत लागला म्हणून ‘जुलै’ भरला, एवढ्या कारणानेही अर्ज परत येतो. पुण्यात प्रवेश घेतल्यावर पात्रतेचा अर्ज विभागाच्या कार्यालयामार्फत जातो. त्याची पावती घ्या आणि पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी स्थिती काय आहे याची एकदा स्वतः चौकशी करा. पात्रता अपुरी राहिली तर विद्यार्थी परीक्षेला बसतो, पेपर देतो, आणि निकाल मात्र राखून ठेवला जातो. असा राखलेला निकाल घेऊन शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी वणवण करणारी मुले दरवर्षी दिसतात, आणि वाईट याचे वाटते की त्यांतल्या बहुतेकांचे घोडे एका मायग्रेशनवर अडलेले असते.

नावाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तो नीट तपासा. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, असा प्रकार सर्रास असतो. क्रमातला फरक सहसा चालतो; स्पेलिंगमधला फरक आणि जन्मतारखेतला फरक चालत नाही. आता प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, त्यासाठी डिजिलॉकरमधून ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळख क्रमांक काढावा लागतो, आणि तो आधारशी जोडलेला असल्यामुळे विद्यापीठातले नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही तर श्रेयांक जमा होण्यात अडचण येते. दुरुस्ती करायची झाल्यास दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, कारण मंडळाच्या कागदात बदल करून घेणे सर्वांत कठीण. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते. एका वर्षाच्या खंडामुळे एम.एस्सी.चा प्रवेश अडत नाही. खंडाचे प्रतिज्ञापत्र मात्र लागते, ज्याला कार्यालयात सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. त्यात अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता, कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते आणि या काळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते, एवढे लिहिले की पुरे. कोणता नमुना आणि कसला कागद हवा हे विभागाच्या सूचनेत पाहून मगच ते करून घ्या, म्हणजे खर्च दोनदा होणार नाही. मुलाखतीत किंवा वर्गात कोणी विचारले तर संकोच न करता खरे ते सांगा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाने तुम्हाला रोज ठरावीक तास बसण्याची सवय लागलेली असेल, तर पहिल्या सत्रात तिचा फार उपयोग होईल.

आता आरक्षणाच्या कागदपत्रांकडे वळतो, कारण लागणारा वेळ पाहिला तर हीच सर्वांत मोठी बाब आहे. इतर मागासवर्गासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर दाखला (कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचा) आणि जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दावा पडताळून खरा ठरल्याचे) हे तीन वेगळे कागद आहेत. विज्ञान शाखेतली बरीच मुले बारावीलाच वैधता काढून ठेवतात. तुमच्याकडे ती असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर हे काम सर्वांत आधी सुरू करा. अर्ज ऑनलाइन भरून तुमच्या मूळ जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो, पुण्यातल्या समितीकडे नाही. शैक्षणिक कारणासाठी अर्ज करताना महाविद्यालयाचे पत्र लागते, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते, आणि मुख्य म्हणजे जातीचा जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा ग्राह्य धरला जातो. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले, तिथल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा हा बहुतेक घरांत मिळू शकणारा सर्वांत चांगला पुरावा असतो. ती नोंदवही पाहायला शाळा उघडी हवी आणि मुख्याध्यापक जागेवर हवेत, हे लक्षात घेऊन वडिलांना किंवा भावाला आधी शाळेत पाठवा. आजोबा शाळेतच गेलेले नसतील तर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि महसुली अभिलेख शोधावे लागतात, आणि त्याला आणखी वेळ लागतो.

नॉन-क्रीमीलेअरबाबत एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथे दूर केला पाहिजे. वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा ऐकून ज्यांच्या घरात नोकरीचा पगार आहे असे काही पालक अर्जच करत नाहीत. या दाखल्यासाठी आठ लाख मोजताना पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. त्याऐवजी आई-वडील कोणत्या पदावर आहेत हे पाहिले जाते. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांकडून मिळणारा उत्पन्नाचा दाखला ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, त्यात कुटुंबाचे सगळे उत्पन्न येते. दोन्ही दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतात आणि दोन्हींवर वैधतेची तारीख असते. जुना नॉन-क्रीमीलेअर दाखला ३१ मार्चला संपलेला असेल तर तो प्रवेशाच्या दिवशी चालणार नाही, म्हणून तारीख आजच पाहून घ्या. जून-जुलैमध्ये सेतू केंद्रांवर अकरावीपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळ्यांची एकच झुंबड उडते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांनाही हेच सांगतो, कारण त्यांचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो, आणि तिथे पैसे अडकण्याचे एक कारण असे आहे की ते बाहेरून दिसतच नाही. रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर जाते असे सगळे धरून चालतात. पण थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम ज्या बँकेत आधार शेवटचे जोडले गेले असेल तिथे जाते. शाळेत असताना उघडलेले, आता बंद पडलेले शून्य शिलकीचे खाते किंवा मोबाइल दुकानात सिमकार्डसोबत उघडून दिलेले पेमेंट बँकेचे खाते आधारशी जोडलेले राहते, शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा संदेश येतो आणि हातात मात्र काही पडत नाही. आधारच्या संकेतस्थळावर तुमचा क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे ते दिसते. तो तपासा, नको असलेली बँक निघाली तर तुमच्या वापरातल्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा, म्हणजे खात्याला आधार जोडण्याचा, अर्ज द्या आणि आठवड्याभराने पुन्हा पाहा. महाडीबीटीवर अर्ज भरल्यावर तो आधी विभागाच्या लॉगिनला आणि मग शासनाच्या लॉगिनला जातो. विभागाकडे तो अडला असेल तर कार्यालयात जाऊन विचारण्यात काही गैर नाही. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी निर्वाह भत्त्याच्या स्वतंत्र योजना आहेत : अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. त्या-त्या वर्षाची जाहिरात आणि अटी नीट वाचून मगच अर्ज करा. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे आणि गरज असेल तर ती जरूर घ्यावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी जी परंपरा घालून दिली, तिच्यातून आजवर कितीतरी मुले शिकून पुढे गेली आहेत.

काही जणांना पुण्यात प्रवेश घेतल्यावर दुसरीकडच्या यादीत नाव लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अधिकृत अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास अल्प प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण शुल्क परत मिळते, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, सोळाव्या ते तिसाव्या दिवसांत ५० टक्के आणि पुढे काही नाही. आयोग वेळोवेळी त्या-त्या वर्षासाठी अधिक सवलतीच्या सूचना काढतो, त्याही पाहाव्यात. मूळ गुणपत्रिका पडताळून लगेच परत द्याव्यात, ठेवून घेऊ नयेत, असेही त्याच अधिसूचनेत आहे. रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचे असते, ते विद्यार्थी आणि पालक दोघांचेही लागते. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तो मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

राहण्याबद्दल एवढेच सांगतो की विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज पहिल्या दिवशी करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जागा कमी आणि अर्ज फार, अशी स्थिती नेहमीची आहे. मुले-मुली सांगवी, औंध, खडकी, पाषाण या भागांत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहतात. अनामत रक्कम किती परत मिळणार आणि जागा सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, या दोन गोष्टी लेखी घ्या. खोली निवडताना भाड्याइतकाच जाण्या-येण्याचा वेळ मोजा. प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत चालते आणि दूरची स्वस्त खोली रोज दोन तास खाते.

आता तिसरी शंका, जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते. शहरातल्या मुलांच्या बरोबरीने झेपेल का, हे विचारणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना विषय येत नाही असे नसते. त्यांनी तो उत्तरे पाठ करण्याच्या अंगाने केलेला असतो, आणि ही सवय शहरातल्या मुलांनाही तितकीच असते. बी.एस्सी.च्या परीक्षेत सूत्र सिद्ध करून दाखवले की गुण मिळतात. एम.एस्सी.त तेच सूत्र कुठे लागू पडत नाही, हे विचारले जाते. त्यामुळे पुढच्या अभ्यासक्रमाची पुस्तके आधीच वाचून काढण्यापेक्षा बी.एस्सी.तलेच मोजके विषय पुन्हा, पण वेगळ्या रीतीने करा.

डॅम्प्ड ऑसिलेटर, म्हणजे अवरोधामुळे मंदावत जाणारे आंदोलन, घ्या. वस्तुमान एम, अवरोधाचा गुणांक बी आणि स्प्रिंगचा स्थिरांक के असलेले समीकरण तुम्ही दुसऱ्या वर्षी केले आहे. उत्तर घातांकी स्वरूपाचे मानले की वर्गसमीकरण मिळते, आणि बी वर्ग वजा चार एम के ही राशी धन, ऋण किंवा शून्य असण्यावरून तीन प्रकार पडतात, हे सगळ्यांना येते. इथे थांबून स्वतःला विचारा : राशी शून्य झाल्यावर दोन्ही मुळे एकच होतात, पण दुसऱ्या कोटीच्या समीकरणाला दोन स्वतंत्र उत्तरे हवीत, मग दुसरे कुठून आले? पुस्तकात ते वेळ गुणिले घातांकी फल असे दिलेले असते आणि आपण ते लिहून पुढे जातो. आता दोन मुळे अगदी जवळजवळ आहेत असे मानून त्यांच्या घातांकी फलांची वजाबाकी करा, तिला मुळांच्या फरकाने भागा आणि तो फरक शून्याकडे न्या. वेळेचा तो गुणक आपोआप बाहेर येतो. हे स्वतःच्या हाताने एकदा निघाले, की हाच साचा एलसीआर सर्किटमध्ये आणि नंतर मॅट्रिक्सच्या एकसारख्या आयगेनमूल्यांच्या प्रश्नात भेटतो तेव्हा तो ओळखीचा वाटतो. त्यानंतर पायथन या संगणकभाषेत तिन्ही प्रकारांचे आलेख काढा आणि बी बदलून पाहा. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरवरही चालते. गैरसोयीचे आहे, पण विभागातली संगणक प्रयोगशाळा मिळेपर्यंत भागते.

अशी एक गोष्ट रोज, आणि ती इंग्रजीत पूर्ण वाक्यांत लिहून काढायची. पहिले गृहीतक कोणते, पायरी का घेतली, उत्तराची मिती बरोबर आहे का, टोकाच्या स्थितीत ते ओळखीच्या उत्तराकडे जाते का, हे सगळे वाक्यांत. पेपर इंग्रजीत लिहूनही समजावणे मात्र मराठीत ऐकलेले असते, त्यामुळे वर्गात प्रश्न सुचतो पण तोंडातून निघत नाही, ही आपल्या बहुतेक मुलांची खरी अडचण आहे. तिच्यावर इंग्रजी संभाषणाच्या शिकवणीपेक्षा या लिखाणाचा उपयोग मी अधिक झालेला पाहिला आहे. विषय निवडायचे तर लिनिअर अलजिब्रा, साधी डिफरन्शियल समीकरणे, फूरिए श्रेणी आणि लॅग्रांजची पद्धत एवढे पुरे. एनपीटीईएल आणि ‘स्वयम्’ या शैक्षणिक संकेतस्थळांवरची व्याख्याने विनामूल्य आहेत, पण वही समोर न घेता व्याख्यान पाहण्याला मी अभ्यास म्हणत नाही.

अभ्यासक्रमाची रचना आधीच समजून घेतली तर निर्णय सोपे होतात. राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या आराखड्यात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ८८ श्रेयांकांचा आहे, प्रत्येक सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा ४ श्रेयांकांचा विषय असतो, दुसऱ्यात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून काही कारणाने बाहेर पडावे लागले तर पदव्युत्तर पदविका मिळते, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. मुलीच्या शिक्षणाबद्दल साशंक असलेल्या घरात ही माहिती धीर देते. संशोधन पद्धतीचा विषय बरेच जण गुणांपुरता करतात. माझा आग्रह आहे की पहिल्या महिन्यातच एक छोटा शोधनिबंध सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचण्याचा प्रयत्न करावा. भारतीय विज्ञान अकादमीचे रेझोनन्स हे मासिक पदवी पातळीवरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि इंटरनेटवर मोफत वाचता येते, तिथून आताच सुरुवात करा. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेखाली शासकीय उच्चशिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत, त्यामुळे विद्यापीठात आल्यावर वाचनाला साधन कमी पडणार नाही.

पुण्यात भौतिकशास्त्र शिकण्याचा मोठा लाभ विभागाच्या भिंतीबाहेर आहे. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र विद्यापीठाच्या आवारातच आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पाषाणच्या बाजूला आहेत. तिथली अनेक व्याख्याने विद्यार्थ्यांना ऐकता येतात. सुरुवातीला फारसे कळणार नाही, तरी जात राहा, कारण कार्यप्रशिक्षण आणि प्रकल्पासाठी मार्गदर्शक शोधताना त्या संस्थांत कोण कशावर काम करते हे तुम्हाला माहीत असेल. नेट आणि सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांच्या शिकवण्यांचा विचार मात्र पहिल्या वर्षी मनात आणू नका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेते, द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिला बसता येते, आणि पहिल्या वर्षाचा पाया पक्का असेल तर तिची निम्मी तयारी आपोआप झालेली असते.

सत्र सुरू झाल्यावर पहिले सहा आठवडे गावी जाऊ नका, दर आठवड्याची उदाहरणे त्याच आठवड्यात सोडवा, आणि दोन-तीन जणींचा असा गट करा जिथे एकीने फळ्यावर सोडवायचे आणि बाकीच्यांनी अडवायचे. अंतर्गत मूल्यमापनाची पहिली चाचणी याच काळात येते. तीत गुण कमी पडले तर उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांकडे जा आणि कुठे चुकले ते विचारा. शिक्षकांना अशा विद्यार्थ्याचा त्रास होत नाही, उलट त्याचे नाव लक्षात राहते. मन फारच खचत असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

एक काम राहिले, आणि ते टीसी घ्यायला महाविद्यालयात जाल त्याच दिवशी करून टाका. तुम्हाला चांगले ओळखणाऱ्या दोन प्राध्यापकांना भेटा, पुण्याला जात असल्याचे सांगा आणि पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा द्याल का, असे विचारून त्यांचा चालू ईमेल घ्या. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती, आयुकाचा सुट्टीतला कार्यक्रम यांसारख्या संधींचे अर्ज पहिल्या सत्राच्या शेवटाच्या आसपास सुरू होतात, आणि तोवर विभागातले शिक्षक तुम्हाला पत्र देण्याइतके ओळखत नसतात. त्या प्राध्यापकांना तुमची गुणपत्रिका, बी.एस्सी.च्या प्रकल्पाचे शीर्षक आणि तुम्ही त्यांच्या प्रयोगशाळेत काय केले होते याच्या चार ओळी त्याच संध्याकाळी पाठवून ठेवा.